माळवदावरची माती

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आमच्या तेरच्या घराच्या छताचं. यंदाच्या उन्हाळ्यात ते दुरुस्त करायचं ठरलं आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर (जिथे एरवी सुप्रभात आणि भावपूर्ण श्रद्धांजली एवढंच चालतं) पंधरा दिवस रण पेटलं. एक पक्ष म्हणे, पत्रे टाका आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणे, एकदाच काय तो स्लॅब घाला. तिसऱ्या पक्षात एकटी आमची अमेरिकेतली चुलतबहीण. तिचं म्हणणं, मातीचं छत म्हणजे इको-फ्रेंडली, त्याला कुणी हात लावायचा नाही, उलट होमस्टे काढायचा. मी कुठल्याच पक्षात नव्हतो. मी आपला जुन्या गोष्टी शोधत बसलो, नेहमीप्रमाणे. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय. घरातली मंडळी वाचतातच हे. काही गोष्टी त्यांनाही नीट माहीत नसतील, आणि काही माहीत असून आपण कधी बोललो नाही.

पुण्यात वाढलेल्या माझ्या मुलीला 'माळवद' हा शब्दच माहीत नव्हता, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. खानदेशात याला धाबं म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे ऐकूनच घाम फुटेल: मातीचं, तेही सपाट, आणि वरून पाऊस? पण आमच्या धाराशिवकडे (तेव्हाचं उस्मानाबाद) पाऊस पडतो तो वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, तोही आला तर. ऊन मात्र न चुकता येतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, तेरणा नदी म्हणजे वाळू आणि मधेमधे डबकी. अशा ठिकाणी छताचं पहिलं काम उन्हापासून वाचवणं, पावसाचं नंतर.

रचना अशी. आधी लाकडी मेढी, म्हणजे खांब. त्यांवर तुळया. तुळयांवर आडवी बारीक लाकडं आणि त्यांवर किलचण, म्हणजे फळकुट्या-काटक्यांचा दाट थर. त्यावर कडुनिंबाचा किंवा तरवडाचा पाला, वाळवी लागू नये म्हणून. मग चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. चार मेढींच्या मधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठं हे आमच्याकडे चौरस फुटांत नाही, खणांत सांगत. दगडमातीच्या भिंती बाहेरून असायच्या, चांगल्या दोन-तीन फुटी, वाड्यांना तर चार-पाच फुटीसुद्धा. चांगल्या बांधलेल्या घरात छताचा भार पेलायचं काम मात्र मेढींचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

छताच्या मधोमध एक भोक असायचं, त्याला सवनं म्हणायचे. धूर बाहेर, उजेड आत. दुपारी जेवताना त्यातून पडलेला उन्हाचा गोल हळूहळू ताटाकडे सरकायचा आणि आजी त्यावरून वेळ सांगायची. पावसात सवन्यावर पालथी पाटी. असो, आठवणी काढत बसलो तर मुद्दा राहील.

मुद्दा दुरुस्तीचा. माळवद हे एकदा घालून विसरायचं छत नव्हे. दर वर्षी उन्हाळ्यात, रोहिणी निघायच्या आत, त्याची डागडुजी करावी लागे. आजोबा एक अख्खा आठवडा त्यात घालवायचे. पहिल्या दिवशी वर जाऊन गवताची सुकलेली ठोंबं मुळासकट उपटायची. उंदरांची बिळं शोधून ती चिखलाने ठासायची. मग तांब्याभर पाणी वेगवेगळ्या जागी ओतून बघायचं, पन्हाळाकडे धावतं की कुठे थबकतं. थबकलं तिथे खडूने नव्हे, कोळशाने खूण. मग गाडीने पांढरी माती यायची. ती चाळून, दोन बोटं जाडीची पसरून, पाण्याचा हबका मारून लाकडी थापीने चोपायची. चोपण्याचा आवाज सगळ्या गल्लीत. त्या आठवड्यात गावातली बरीच घरं एकदमच थापली जात आणि दुपारी झोप म्हणून लागायची नाही.

थापी म्हटल्यावर गोरोबाकाकांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. संत गोरा कुंभार आमच्या तेरचे, समाधी तेरणेच्या काठी. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणतं मडकं कच्चं ते पाहिल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबा माळवद चोपून झालं की थापीचा एक ठोका मारून कान लावायचे आणि "ह्ये नामदेव हाय" म्हणून ती जागा पुन्हा चोपायला लावायचे. आवाज भदभद आला की माती कच्ची. :)

आता ती पांढरी माती. आमच्या भाषेत गावाच्या जमिनीचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे वस्ती, गावठाण. नुसता रंगाचा फरक नाही. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, छतावर टाकली तर पहिल्याच उन्हाळ्यात चिरा पडतील. पांढरी तशी नाही. पिढ्यान् पिढ्या जिथे माणसं राहिली तिथे पडक्या भिंतींची माती, चुलीतली राख, शेण, चुन्याचा अंश हे सगळं साठून ती झालेली असते. खारवट असते, त्यामुळे तिच्यावर गवत कमी. दाबली की घट्ट बसते. म्हणून छताला पांढरीच हवी, आणि ती मिळणार जुन्या वस्तीच्या टेकाडावरच.

तेरला अशी टेकाडं भरपूर, कारण हे गाव दोन हजार वर्षांहून जुनं आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाची बाजारपेठ सांगितली आहे. ते तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीटने १९०१ मध्ये दाखवून दिलं. १९५८ मध्ये चापेकरांनी इथे उत्खनन केलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून पाऊस पडून गेला की टेकाडांच्या अंगावरून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती आपोआप वर यायच्या, आणि गावातले रामलिंगप्पा लामतुरे त्या गोळा करून जपत होते. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय गावात आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघायला लोक लांबून येतात, कारण तिची सख्खी बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली होती.

म्हणजे गंमत बघा. सातवाहनांच्या काळातलं घर पडलं, त्याची माती झाली. तिच्यावर दुसरं घर, तेही पडलं. असं करत टेकाड झालं. आणि आमचे आजोबा त्या टेकाडाची माती गाडीत भरून पुन्हा छतावर नेऊन टाकत होते. इतिहास पायाखाली असतो म्हणतात, आमच्याकडे तो डोक्यावर होता. पहिल्या पावसानंतर माळवदावर गेलं की एखादा निळा किंवा तांबडा मणी हमखास सापडायचा. आजोबांच्या तंबाखूच्या रिकाम्या डबीत असे चाळीसेक मणी होते. (आता संरक्षित टेकाडांवर खोदायला बंदी आहे, आणि असायलाच हवी. तेव्हा कुणाला काही वाटत नसे.)

लोकांना भाजकी कौलं माहीत नव्हती असं नाही. नेवाशाच्या उत्खननात सातवाहनकाळातली कौलं निघाली आहेत. तरी आमच्या भागात टिकलं ते माळवदच, आणि त्याचं कारण मी वर सांगितलं: ऊन. जाड मातीच्या छतात दुपारची उष्णता शिरते, पण आत पोचायला तिला आठ-दहा तास लागतात. ती पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि माणसं वाकळ घेऊन त्याच छतावर निजलेली असतात. दुपारी दोन वाजता बाहेर फुफाटा आणि आत ओसरीवर चक्क गार. थर जितका जाड तितकं घर थंड. हे वाक्य आजोबांचं, आणि गावातल्या प्रत्येकाचं.

आता थोडं गणित. दाबून बसलेली कोरडी माती घनफुटाला साधारण ४५ किलो भरते. दहा बाय बाराची खोली घ्या, वर दोन फुटांचा थर. २४० घनफूट झाले, म्हणजे १०,८०० किलो. जवळजवळ अकरा टन. एका खोलीवर. ओली असेल तर आणखी जास्त. आणि दोन फूट मी उगाच धरलेले नाहीत, जुन्या माळवदांवर दीड-दोन फूट माती ही नेहमीची गोष्ट होती, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. सुरुवातीला कुणी दोन फूट टाकत नाही. पण वर्षाला अर्धा इंच जरी उरला तरी चोवीस वर्षांत फूट होतो, आणि माळवदं शंभर-शंभर वर्षांची होती.

मला हे कोडं बरेच दिवस पडलं होतं, की घालायची पद्धत होती तशी काढायची पद्धत का नव्हती? माझा तर्क असा. वरचा घट्ट बसलेला थर हाच तर पाणी अडवणारा. तो खरवडायचा म्हणजे चालू गाडीचं चाक काढण्यासारखं, आणि तेही पावसाच्या तोंडावर. शिवाय घातलेली माती दिसते, काढलेली दिसत नाही. ज्याच्या माळवदावर यंदा नवी माती पडली त्याचं घर नांदतं, असा गावाचा हिशेब. एखादी तुळई बदलायची वेळ आली की सगळं उतरत असणार. पण आमच्या तुळया सागवानी, त्या बदलायची वेळच आली नाही. लाकूड चांगलं म्हणून माती कधी खाली आली नाही. डागडुजी आम्हाला एकाच दिशेने येत होती: वर आणखी टाका.

आणि आता ते, जे आपण बोललो नाही.

माझी आत्या तेरणेच्याच काठी, पण पुष्कळ खाली, सास्तूरच्या बाजूच्या एका गावात दिली होती. १९९३ च्या मे महिन्यात आजोबा तिच्याकडे गेले होते. घर गळतं, सासूबाई म्हातारी, यजमान शेतात अडकलेले. आजोबांनी स्वतः उभं राहून तिच्या माळवदावर चार गाड्या पांढरी माती टाकून घेतली, चोपून घेतली, थापीचा आवाज ऐकून पास केली. परत आल्यावर खुशीत होते. "पाच वर्सं बगायला नगं," म्हणाले. हे मी स्वतः ऐकलंय, मी तेव्हा सुट्टीत तिथेच होतो, नववीत जाणार होतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गावोगावचे गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली आणि निजली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही सोलापुरात होतो, मांडणीवरची भांडी वाजली, सगळी बिल्डिंग खाली रस्त्यावर आली. तास-दोन तासांनी लोक हसतखिदळत परत वर गेले. उजाडल्यावर रेडिओवर नावं यायला लागली, आणि ती सगळी तेरणेच्या आसपासची.

आत्या वाचली, कारण धाकटी तापाने रडत होती म्हणून ती तिला घेऊन अंगणात बाजेवर बसली होती. यजमान शेतातल्या वस्तीवर होते. आत घरात सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, घरच्यांना माहीत आहे. दोघंही छताखाली सापडले. माती काढायला दुपार झाली.

त्या पहाटे हजारो माणसं गेली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, मातीच्या घरांनी माणसं मारली. नंतर अभियंत्यांनी येऊन जे पाहिलं ते जरा वेगळं होतं, आणि ते मी आता मोठेपणी वाचलं. भिंती दोन पदरी होत्या, आतला पदर आणि बाहेरचा पदर, मधे दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही पदरांना शिवून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसला की भिंत पोट काढते आणि दोन्ही पदर सुटून पडतात. जिथे तुळया थेट अशा भिंतीवर टेकवल्या होत्या तिथे भिंतीमागोमाग छत आलं, वरच्या टनावारी मातीसकट. पण जिथे मेढी धड होत्या आणि भार त्यांच्यावर होता, तिथे कित्येक घरांत भिंती बाहेर कोसळल्या आणि लाकडी सांगाडा माळवद डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला. वर म्हटलं होतं ना लक्षात ठेवा म्हणून.

म्हणजे दोष मातीचा नव्हता असं म्हणायचं का? मला तसंही म्हणवत नाही. अकरा टन ते अकरा टन. सहाच्या वरच्या भूकंपात वजन जितकं जास्त तितका धक्का जास्त, हे साधं शास्त्र आहे. पण माती वाईट, सिमेंट चांगलं, इतकं सोपंही ते नाही. एका फुटाखालची माती आणि दोन फुटांवरची माती यांत फरक आहे, आणि तो फरक आमच्याच हातांनी दर उन्हाळ्यात पडत होता.

तेरचीच एक गोष्ट यात मला फार लागते. गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या उभ्या वास्तूंपैकी एक आहे. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह असावं असं बरेच अभ्यासक मानतात. सगळं विटांचं, मागून गोल, वर हत्तीच्या पाठीसारखं छत. आणि याच गावात इतक्या हलक्या विटा करत की त्या पाण्यावर तरंगतात. खोटं वाटत असेल तर संग्रहालयात जाऊन बघा. वर चढवायची गोष्ट हलकी असावी हे ज्या गावातल्या वीटभट्टीवाल्याला कळत होतं, त्याच गावात आम्ही शंभर वर्षं छतावर टेकाड चढवत बसलो.

आजोबांना चार गाड्या मातीबद्दल कुणीच काही बोललं नाही. आत्या तर नाहीच. हिशेब केला तर चार गाड्या म्हणजे दोन-तीन टन, आधीच्या ओझ्यापुढे काही फार नाही. त्या नसत्या तरी ती भिंत पडलीच असती. हे मला आज कळतं, आणि आजोबांना सांगायला ते आज नाहीत. त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात, १९९४ मध्ये, गडी लावून आमच्या तेरच्या माळवदावरची माती काढायला घेतली. गाव बघायला आलं. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला धक्का बसलाय. आजोबा स्वतः खोरं घेऊन वर. माजघरावरच्या दोन खणांची माती काढून झाली आणि ते आजारी पडले. बाकीचे खण तसेच राहिले, आणि काढलेल्या दोन खणांत त्या पावसाळ्यात पाणी आलं, कारण नव्या थराला चोप कमी पडला होता. मग घरातल्यांनी पुढे हात लावू दिला नाही. आजोबा १९९६ मध्ये गेले.

ती अर्धी उतरवलेली कड मी पाहिलीय. खोऱ्याने उभी कापलेली, भिंतीसारखी. राखाडी, पिवळट, पांढरी, पुन्हा राखाडी अशा पट्ट्या, मधेमधे काळी रेघ, बहुधा एखाद्या वर्षी राख टाकली असेल त्याची. मी मोजायला बसलो होतो. तिसापर्यंत गेलो आणि मग पट्ट्या एकमेकींत मिसळल्या. पुढे कधीतरी पुस्तकात उत्खननाच्या खड्ड्याचा फोटो बघितला तेव्हा अगदी तसाच दिसला.

भूकंपानंतर आत्याचं गाव उठलं. एकूण ५२ गावं नव्या जागी बसवली गेली. जमिनीच्या धारणेप्रमाणे २५० पासून ७५० चौरस फुटांपर्यंतची पक्की घरं, सरळ रस्ते, स्लॅब. घर मजबूत, पण मेमध्ये आत बसवत नाही. आत्याने पहिल्याच वर्षी दारापुढे पत्र्याचं छप्पर काढलं आणि तिथेच राहायला लागली. लोकांना वाटलं उकाड्यामुळे. कमी नुकसान झालेल्या गावांतली लाखाच्या वर घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायचीही योजना होती. तिच्या सूचना मी मुद्दाम मिळवून वाचल्या. माळवदाची माती आठ इंचांवर आणा, थरांच्या मधे प्लास्टिकचा जाड कागद घाला, मेढ आणि तुळई यांच्या जोडाला तिरके लाकडी ठेपे द्या, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचा बांध घाला. किती शहाणपणाचं आणि किती स्वस्त. पण बऱ्याच जणांनी त्या पैशात जुनं घर तसंच सोडून शेजारी विटांची एक खोली काढली. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. ज्याने माती उपसून माणसं काढलीत, त्याला तुम्ही 'माती आठ इंच ठेवा' असं कोणत्या तोंडाने सांगणार?

तर आता यंदाचं. पत्र्याचा पक्ष हरला, कारण दादा (तोच तिथे राहतो, त्यामुळे त्याचं मत एकाला दोन) म्हणाला, "मेमध्ये पत्र्याखाली तुम्ही येऊन ऱ्हावा, मग बोला." स्लॅबचा पक्ष खर्चाच्या आकड्याने गप्प झाला, शिवाय जुन्या मातीच्या भिंतींवर स्लॅब चढवणं म्हणजे पुन्हा तेच, ओझं वर आणि बळ खाली नाही. अमेरिकन पक्षाला मी फोन करून गणित सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला कुणी कधी सांगितलंच नाही रे." खरंय. ती तेव्हा दोन वर्षांची होती.

आम्ही माती काढली. सहा माणसं, नऊ दिवस. आजोबांनी काढलेल्या दोन खणांनंतरचे सगळे खण. एका बाजूने सगळी काढली तर भार एकीकडे होईल म्हणून थोडी थोडी, सगळीकडून सारखी. हे सांगणारा गवंडी सत्तरीचा आहे आणि आता हे काम येणारा पंचक्रोशीत तो जवळजवळ एकटाच. त्याची मुलं सेंट्रिंगची कामं करतात. दोन तुळया आतून वाळवीने पोकळ निघाल्या, वरून ठणठणीत दिसत होत्या. बदलल्या. जोडांना ठेपे दिले. भिंतींत आरपार दगड घालायचं काम अर्धंच झालंय, उरलेलं दिवाळीनंतर. जुनी माती पुन्हा चाळून आठ इंच घातली, मधे प्लास्टिक. उरलेली मागच्या परसात आणि शेतात गेली, पांढरी शेताला चांगली मानवते म्हणे. चाळणीत अकरा मणी निघाले. आजोबांच्या डबीत टाकले.

चोपून झालं त्या दिवशी आत्या आली. सत्तरी ओलांडलीय तिने. १९९३ नंतर ती या घरात कधी आत निजली नाही, माहेरी आली तरी अंगणात बाज टाकायची, थंडीतसुद्धा. आम्हाला ती तिची सवय वाटायची. यावेळी ती शिडीवरून वर चढते म्हणाली. दादाने खालून धरलं, मी वरून हात दिला. सवन्याच्या कडेला मातीचा थर उघडा दिसतो, तिथे ती बसली आणि तिने हाताची वीत लावून पाहिली. करंगळी किलचणीवर, अंगठा वर. अंगठा मातीच्या थोडा वरच राहिला. मग तिने शेजारी पडलेली थापी उचलून एक ठोका मारला आणि कान दिला.

"हितं कच्चं हाय," म्हणाली.

गवंडी आला, त्याने पाणी मारून ती जागा पुन्हा चोपली. मृगाच्या दुसऱ्या पावसात नेमकं तिथेच थोडं झिरपलं, दादा रात्री अकराला पाटीभर राख घेऊन वर गेला आणि टाचेने दाबून आला. त्यानंतर गळालेलं नाही.